मदत हवी आहे: विंडोज परत टाकल्यावर पीसी फारच स्लो झालाय

घरचा जुना डेस्कटॉप आहे, आय३ थर्ड जनरेशन, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. सीमॉस बॅटरी (मदरबोर्डवरची, बायॉसचं सेटिंग जपणारी छोटी बॅटरी) गेली होती म्हणून ती बदलली आणि त्याच वेळी विंडोज १० फॉरमॅट मारून नव्याने टाकलं, आधी पण हेच विंडोज होतं आणि बरं चालायचं. आता चालू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, सीपीयू आणि रॅम मात्र निवांत, साधं फोल्डर उघडायचं तरी चहा पिऊन यावं.

अपडेट सगळे होऊ दिलेत, सिसमेन (प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी विंडोजची सर्व्हिस) आणि सर्च इंडेक्सिंग बंद करून बघितलं, चिपसेटचे ड्रायव्हर टाकले, डिस्कची साटा केबल बदलली. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेल्थ गुड दाखवतंय, पेंडिंग सेक्टर (खराब असल्याचा संशय असलेले भाग) शून्य, म्हणजे डिस्क गेली असं तरी वाटत नाही. व्हायरस स्कॅन पण क्लीन आहे.

काल बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी येणारं मदरबोर्डचं सेटिंग) बघितलं तर साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुन्या आयडीई वर आहे, मला वाटतं बॅटरी काढली तेव्हा सेटिंग डीफॉल्टला गेलं असणार, आधी बहुतेक एएचसीआय (त्यानंतरची नवी पद्धत) असेल. एसएसडी घ्या हे माहितीये, घेणार आहेच पण या महिन्यात नाही जमणार, आणि परत फॉरमॅट नकोय कारण अकाउंटिंगचं सगळं सेटअप करून झालंय.

तर सेफ मोडमधून जाऊन आयडीईचं एएचसीआय केलं तर विंडोज बूट होईल ना, की निळा स्क्रीन येऊन अडकेल? आणि साध्या हार्ड डिस्कला त्याने खरंच एवढा फरक पडतो का?