जुनी गाडी घेताना किलोमीटरपेक्षा ती कशी वापरलीय ते बघा
सव्वा लाख किमी झाले म्हणजे गाडी संपली असं कोणी कोणी म्हणतात, ते काही पटत नाही. हायवेवर पळालेली, वेळेवर ऑइल बदललेली इनोव्हा मी डोळे झाकून घेईन, पण गावातल्या गावात फिरून वीसेक हजार किमी झालेली बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल नको रे बाबा, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक झालेला निघाला तर बिल बघून घाम फुटतो. शिवाय मीटर मागे फिरवणारे काय कमी आहेत का? ब्रेक पेडलचं रबर आणि स्टिअरिंग बघा, तीस हजार किमी दाखवणाऱ्या गाडीत ते गुळगुळीत झालेलं असेल तर काय ते समजून जा. सर्व्हिस रेकॉर्ड मागा, क्लच नि सस्पेन्शनचा खर्च धरूनच भाव पाडा. आणि गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर आरसी (नोंदणी) रिन्यूअल, ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर) पण त्यात धरा.