क्लेसाठी सेमी-ऑटो: गॅस की इनर्शिया?

गंगापूररोडकर: मंडळी, १२ बोरची सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) शॉटगन घेतोय, फक्त क्लेसाठी, म्हणजे हवेत फेकलेल्या चकत्या फोडायला. लायसन्स झालंय. अंगकाठी बारीक, उजवा खांदा कुरकुरतो. दुकानदार हलकी इनर्शियावाली (बंदुकीच्या धक्क्यावर पुढचं काडतूस भरणारी) गळ्यात मारतोय. घेऊ?

जुना ट्रॅपवाला: अजिबात नको. हलकी बंदूक दुकानात झकास वाटते, शंभर काडतुसं उडवली की खांदा बोलायला लागतो. गॅसवाली (काडतुसाच्या गॅसने पिस्टन ढकलून पुढचं काडतूस भरणारी) घ्या, धक्का पसरून येतो. पिस्टनवर काजळी मात्र धरते. पुसायचा कंटाळा केलात तर जोडीतल्या नेमक्या दुसऱ्या क्लेला बंदूक अडणार. काही इनर्शियावाल्या तर २४ ग्रॅमच्या हलक्या काडतुसावर नीट फिरतच नाहीत. नळी २८ इंची पुरे. सेमीचा रिसीव्हर (नळीमागचा यंत्राचा भाग) लांब, त्यामुळे एकूण लांबी ३० इंची ओव्हर-अंडरच्या (एकावर एक दोन नळ्यांच्या बंदुकीच्या) आसपास जाते. ब्रँडचं नंतर बघा हो! आधी रिकामी असल्याची खात्री करून, डोळे मिटून खांद्याला लावा. डोळे उघडल्यावर नजर थेट नळीवरच्या पट्टीवरून गेली पाहिजे. पट्टीची नुसती कड दिसली तर स्टॉक (दस्ता) तुमच्या मापाचा नाही.

सातपूरचा: आणि रिकामी काडतुसं उजवीकडे उडतात, ट्रॅपच्या (ओळीत उभं राहून क्ले फोडायच्या खेळाच्या) रांगेत थेट शेजाऱ्याच्या कानशिलावर. ती अडवणारी क्लिप लावा, शिव्या वाचतील.

गंगापूररोडकर: बरं, उद्या गॅसवाली खांद्याला लावून बघतो. क्लिप नाशकात मिळेल का?