दिवाळीनंतर कोह सामुई स्वस्तात पडतंय, काढू का तिकिटं?

ठाणेकर_बाबा:
मंडळी सल्ला हवाय. नोव्हेंबरच्या मध्यावर मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि 67 वर्षांची आई असे चौघं थायलंडला जायचं म्हणतोय, 7 रात्री, विमानासकट दोन सव्वादोन लाख, त्याच्या वर झेपणार नाही. मी कोह सामुई बेट काढलंय कारण बीचला लागून पूलवालं हॉटेल 1300 थाई बाथला दाखवतंय आणि तीच खोली फेब्रुवारीत 3200. बायकोला फुकेत पाहिजे, का तर तिच्या ऑफिसातले सगळे तिथेच जाऊन आले. चुकतंय का काही माझं?

खाडीकाठ:
चुकतंय. अर्ध्या किमतीत का देतोय हा प्रश्न नाही पडला? सामुई थायलंडच्या आखातात, म्हणजे पूर्वेच्या बाजूला आहे आणि तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबर सगळ्यात ओला. चेन्नईला त्या दिवसांत पाऊस असतो ना, त्याच ईशान्य मान्सूनचा तिकडचा भाऊ समजा. आपला पाऊस संपला म्हणजे जगाचा संपला असं नसतं. फुकेत, क्राबी, लांता हे पश्चिमेला अंदमान समुद्रावर, त्यांचा पावसाळा साधारण आपल्यासारखाच, मे ते ऑक्टोबर, नोव्हेंबरात तिकडे समुद्र शांत व्हायला लागतो. वहिनींचं कारण चुकीचं असेल पण उत्तर बरोबर आहे.

झोळीवाला:
हे असं नकाशा दाखवून लोकांना घाबरवणं बंद करा राव. मी सामुईला नोव्हेंबरातच गेलोय, आठ दिवसांपैकी दोन दिवस धो धो, बाकी दुपारी एखादी सर आणि मग लख्ख. हॉटेलात आम्ही आणि एक म्हातारं जर्मन जोडपं, बास. पूल आमचा, नाश्त्याचा माणूस आमचा, रस्त्यावर ट्रॅफिक नाही. आपण कोकणातली माणसं, पावसाला कधीपासून घाबरायला लागलो?

खाडीकाठ:
तुम्ही झोळी घेऊन एकटे गेला होतात. इथे 67 वर्षांची आई आहे. पावसात भिजायचं कोणाला काय, प्रश्न बोटीचा आहे. समुद्र खवळला की फेरी उशिरा सुटते, कधी रद्दच होते, आणि परतीचं विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही. 2025 च्या नोव्हेंबरात दक्षिण थायलंडमध्ये हात याई शहरात काय पूर आला ते बातम्यांत बघितलं असेलच.

झोळीवाला:
हात याई कुठे, सामुई कुठे! मधे शेकडो किलोमीटर आहेत. कोल्हापूरला पूर आला म्हणून कोणी अलिबाग रद्द करतं का?

विरारफास्ट:
पावसाचं भांडण चालू द्या, पण खोलीच्या भाड्यावर बेट स्वस्त की महाग ठरवणं हीच मुळात गडबड आहे. बेटावर पोचायला किती लागतात ते आधी लिहा. सामुईचा विमानतळ बँकॉक एअरवेजच्या मालकीचा आहे त्यामुळे बँकॉकहून सरळ तिकीट तासाभराच्या उड्डाणाला जरा जास्तच पडतं, ते जातानाचं गुणिले चार करा आणि येतानाचं परत गुणिले चार करा, तुमची खोलीतली बचत तिथेच गेली. स्वस्त रस्ता म्हणजे बँकॉकच्या डॉन मुआंगहून सुरत थानीचं साधं विमान, नाव गुजराती वाटतं पण गाव थायलंडमधलंच आहे, मग बसने दीडेक तास डोनसाक धक्का, मग गाड्या चढवतात ती मोठी फेरी, अजून दीड तास, उतरल्यावर परत टॅक्सी. आम्ही सकाळी बँकॉकहून निघालो ते खोलीत चार वाजता टेकलो, आणि वारा असा की डेकवरची निम्मी माणसं पिशवीत तोंड घालून बसलेली, माझ्या शेजारच्या पोराने तर चिप्सचं पाकीट रिकामं करून तेच वापरलं. फुकेतला मुंबईहून सरळ विमान आहे. आणि ते बेट असलं तरी पुलाने जोडलेलं आहे, बोटीची भानगडच नाही. विमानतळावरून पातोंग, करोन, काता या बीचकडे स्मार्ट बस जाते, 100 बाथ. टॅक्सीवाले त्याच रस्त्याचे किती मागतात ते स्वतः ऐका म्हणजे पटेल.

झोळीवाला:
पातोंगच्या बारच्या गर्दीत पोरीला आणि आईला घेऊन जायचं? शुभेच्छा.

विरारफास्ट:
पातोंगला उतरा असं म्हटलं कुठे मी? काता आहे, करोन आहे, नाई हार्न आहे. बस पातोंगवरून जाते एवढाच त्या गावाशी संबंध.

सुगरण_नाशिक:
आई शाकाहारी आहेत का? असतील तर आधी हे वाचा. तिकडे नुसतं व्हेज म्हणून चालत नाही, भाजीत नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी घालतातच आणि त्यांच्या दृष्टीने तो मासा नसतो. 'जे' म्हणायचं. पिवळ्या फलकावर लाल अक्षरं, आपल्याला 17 लिहिल्यासारखी दिसतात, ती दिसली की बिनधास्त शिरायचं, त्यात अंडं नाही आणि आपल्या चातुर्मासासारखं कांदा-लसूणही नाही. माझ्या सासूबाई सात दिवस त्या 17 वर जगल्या. बरोबर मेतकूट होतंच.

ठाणेकर_बाबा:
आई पक्की शाकाहारी, धन्यवाद ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. बाकी मी विचार करत होतो की दोन स्कूटी भाड्याने घेऊ, 250 बाथ दिवसाला, टॅक्सीचा खर्च वाचेल.

पंक्चर_काका:
इथे नका वाचवू. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलंय का, हजार रुपये फी आहे, आणि त्यावर दुचाकी आहे का बघा. ते नसेल तर पोलिसाचा दंड ही छोटी गोष्ट, पडलात तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले हात वर करतात. माझ्या भाच्याने कोह फांगान बेटावरच्या चढावर गाडी घसरवली, गुडघा फुटला, हॉस्पिटलचं बिल अख्ख्या ट्रिपपेक्षा मोठं आणि वर गाडीच्या मालकाने प्रत्येक ओरखडा मोजून पैसे घेतले, कारण भाच्याने पासपोर्टच गहाण ठेवला होता त्याच्याकडे. पासपोर्ट द्यायचा नाही, मागितला तर दुसरं दुकान. गाडी देताना व्हिडिओ काढायचा. आणि आईंना मागे बसवून तर मुळीच नको.

झोळीवाला:
काका, गाडी चालवता येत नसेल तर पुण्यातही पडतो माणूस. सगळ्या ट्रिपला इन्शुरन्स कंपनीच्या नजरेने बघायचं म्हणजे घरीच बसा की.

पंक्चर_काका:
बसतो. गुडघे चांगले आहेत माझे.

चौपाटी_चिंगी:
पॅकेज का नाही घेत पण? आमच्या ग्रुपने घेतलं होतं, एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही.

विरारफास्ट:
ताप नाही, पण सात दिवसांत तीन जेवणं 'इंडियन रेस्टॉरंट'मध्ये पनीर बटर मसाला. आणि फी फी बेटांची स्पीडबोट पॅकेजमध्ये हमखास असते. पाठीला दणके बसतात हो, 67 वर्षांच्या माणसाला नाही झेपत. लाँगटेल म्हणजे तिकडची लांबट लाकडी बोट घेतली तर गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन चढायचं. मोठी फेरी विचारा, हळू जाते, स्वस्तही असते.

खाडीकाठ:
माझं ऐकाल तर फुकेतही सोडा, कोह लांता बघा. क्राबीच्या विमानतळावरून व्हॅन मिळते, ती गाडीसकटच तराफ्यावर चढते, आई सीटवरून न उठता बेटावर, अडीच-तीन तास. क्लोंग दाओचा बीच सपाट आहे, लेकरू लांबवर चालत गेलं तरी कमरेइतकंच पाणी. नोव्हेंबरात सीझन नुकता उघडतो, डिसेंबरातले भाव चढायच्या आधी. फार काही 'बघायला' नाही हे मात्र खरं, पूर्वेच्या काठावर खांबांवरच्या घरांचं जुनं गाव आहे, एक संध्याकाळ तिथे जाते.

झोळीवाला:
म्हणजे सहा संध्याकाळी काय करायचं?

खाडीकाठ:
सूर्यास्त. फुकट असतो.

सुगरण_नाशिक:
एक राहिलं. एटीएममधून थोडे थोडे पैसे काढू नका, आपल्या कार्डाला दर वेळी दोनशे बाथच्या वर कापतात, आपल्या बँकेचं वेगळंच. एकदाच काढा. आणि जायच्या आधी तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं असतं, मे 2025 पासून सक्तीचं आहे पण फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा, मी घाईत एका साइटला पैसे देऊन बसले होते.

ठाणेकर_बाबा:
काल रात्री सगळा हिशेब कागदावर मांडला. सामुई, बँकॉकची एक रात्र आणि फेरी धरून, लांतापेक्षा चौघांत फक्त सहा हजारांनी स्वस्त येतंय. आईला दोन्ही वाचून दाखवलं, ती म्हणाली चिप्सच्या पाकिटाच्या बोटीत मी बसणार नाही. तेव्हा लांता. बायको म्हणते जाताना फुकेतला एक रात्र तरी थांबू, ऑफिसात फोटो दाखवायला.

झोळीवाला:
तुमची मर्जी. तो 1300 वाला हॉटेलचा पत्ता मला मेसेज करा.