स्वस्त ट्यूब माइक: घरघर, तडतड आणि टोचणारा तार षड्ज

टप्पाप्रेमी (लष्कर, ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. माझी आत्या ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतलेली. वय ऐंशीच्या पुढे, पण गळा अजून खुला आहे. तिलवाड्यातले बडे ख्याल, काफी-खमाजमधले टप्पे, काही तराणे तिने गुरूंच्या समोर बसून घेतलेत. वहीत नुसते शब्द आहेत, बाकी सगळं तिच्या गळ्यात. ते नीट ध्वनिमुद्रित व्हावं म्हणून मी एक बेताच्या किमतीचा ट्यूब माइक घेतला. मोठ्या डायफ्रॅमचा (आतल्या पडद्याचा), सोबत वीजपुरवठ्याची वेगळी पेटी, सात पिनांची केबल, पेटीवर पॅटर्न (माइक कोणत्या दिशांनी आवाज घेतो ते) बदलायचं नऊ टप्प्यांचं बटण. आत १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह, म्हणजेच ट्यूब, आहे. पेटीवर २३० व्होल्ट निवडलेलं आहे, इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्राचा) फँटम, म्हणजे तारेतून माइकला जाणारी वीज, बंद ठेवते.

त्रास असा. एक बारीक घरघर सतत येते. आणि विचित्र म्हणजे खोलीत तंबोरा अगदी स्थिर असतो, पण रेकॉर्डिंगमध्ये तोच थरथरल्यासारखा ऐकू येतो. आत्याने ऐकलं आणि म्हणाली, “हा माझा तंबोरा नाही.” पाऊस सुरू झाल्यापासून मध्येच तडतड होते, कधी एकदम फट्ट. स्टँडला धक्का लागला की आतून टण्ण वाजतं. शिवाय तिचा आवाज मुळात रुंद आणि गोल आहे, माइकमधून तार षड्ज टोचतो, ‘स’ आणि ‘श’ तर कानात घुसतात.

घर जुना वाडा आहे, वायरिंगही तेव्हाचंच. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणतात व्हॉल्व्ह बदला. बदलू का?

ध्वनीवेडा_इंदूर

बदला. या किमतीच्या माइकमध्ये मूळ व्हॉल्व्ह निवडून घातलेला नसतोच. माझ्याकडच्या एकात १२एएक्स७ काढून १२एवाय७ घातला, खरखर पुष्कळ कमी झाली. पिना त्याच, फिलामेंट तेच, फक्त गेन कमी. सोपं काम आहे.

व्हॉल्व्हवाले_काका (ग्वाल्हेर)

ताई, थांबा. आत्ता लगेच व्हॉल्व्ह मागवू नका. नया बाजारात माझं रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं, गणपतीच्या मंडपांतले व्हॉल्व्हचे अँप्लिफायर वर्षानुवर्षं माझ्या हाताखालून गेले. तुम्ही लिहिलेले त्रास एकाच कारणाचे नाहीत, आणि त्यातला एकच व्हॉल्व्हचा आहे.

आधी एक सक्त सूचना. त्या पेटीत शंभराच्या वर, कधी दोनशेच्या आसपास व्होल्ट डीसी असतात आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. पेटी स्वतः उघडायची नाही. सात पिनांची केबल लावताना-काढताना पेटी बंद हवी, आणि बंद केल्यावरही पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची.

आता घरघर. तुम्ही गाणाऱ्या घरातल्या आहात, तुमच्याकडे मीटरपेक्षा चांगलं साधन आहे. आपल्या विजेची कंपनं ५० हर्ट्झ. ती पेटीत दोन्ही बाजूंनी वळवून डीसी केली की उरणारी लहर १०० हर्ट्झची. हार्मोनियमवरचा पांढरी पाचचा खर्जातला सूर ९८ हर्ट्झचा. म्हणजे घरघर पांढरी पाचपेक्षा चढी, काळी चारच्या वाटेवर साधारण एक तृतीयांश अंतरावर बसते. ५० असो की १००, सूर तोच, सप्तक वेगळं. चांगला हेडफोन लावा आणि सप्तक ओळखा. अगदी खालचं, पोटात जाणवणारं असेल तर बाहेरून आलेली वीज, म्हणजे अर्थिंग किंवा शेजारचा ट्रान्सफॉर्मर. एक सप्तक वरचं, गुळगुळीत असेल तर पेटीतला फिल्टर कपॅसिटर (ही लहर सपाट करणारा) अपुरा किंवा थकलेला. आणि गुळगुळीत नसून कर्कश झर्र असेल तर तिसरंच काही: लॅपटॉपचा चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, पंख्याचा रेग्युलेटर.

आत्याबाई पांढरी पाचमध्ये गातात का? मला तसं वाटतंय. तसं असेल तर त्यांचा षड्ज १९६ हर्ट्झला. घरघरीचा दुसरा स्वरांश, म्हणजे तिच्या दुप्पट कंपनांचा, २०० ला. दोघांत चारचा फरक, म्हणून सेकंदाला चार वेळा आवाज फुगतो आणि बसतो. तंबोरा थरथरतो तो यामुळे. त्या म्हणाल्या ते शब्दशः खरं आहे.

म्हणूनच सॉफ्टवेअरमध्ये जाऊन १००, २०० कापून टाका असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. २००ची घरघर काढताना १९६चा षड्ज खरवडला जाईल. दोष मुळातच काढायचा.

तपासायचं असं. ट्यूब माइक काढा, त्याच इंटरफेसला, त्याच तारेने साधा डायनॅमिक माइक (ज्याला बाहेरून वीज लागत नाही असा) लावा. घरघर तशीच राहिली तर ट्यूब माइक निर्दोष. गेली, तर ट्यूब माइक परत लावून लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. मग वीजपुरवठ्याची पेटी इंटरफेसपासून हातभर तरी दूर सरकवा, तिच्यात ट्रान्सफॉर्मर आहे आणि तो भोवती चुंबकीय क्षेत्र पसरवतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा.

घरात इन्व्हर्टर असेल तर तेही बघा. स्वस्त इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते, लाइट गेली की माइकमध्ये झर्र होणारच. रिलेवाला स्टॅबिलायझर असेल तर त्याचा प्रत्येक टप्पा ‘टक’ म्हणून टेपमध्ये उतरतो.

आणि अर्थिंग. ग्वाल्हेरचा मे-जून माहीत आहे तुम्हाला. जमीन खडखडीत कोरडी पडते, खड्ड्यातला कोळसा-मीठ वाळतं, अर्थ नुसती नावाला उरते. जुन्या वाड्यांत तर तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसऱ्या भोकामागे तारच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून तेवढं बघून घ्या. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थ पिन तोडणारे लोक मी पाहिलेत. धातूच्या पेटीत दोनशे व्होल्ट असताना हे करणं म्हणजे जिवाशी खेळ. पेटीवर ग्राउंड लिफ्टचं बटण असेल तर ते वापरा, ते फक्त ऑडिओची जमीन सोडतं.

तडतड पावसापासून सुरू झाली म्हणता, म्हणजे माझा पहिला संशय दमटपणावर. कॅप्सूलला (माइकमधल्या आवाज पकडणाऱ्या भागाला) जोडलेला रोधक साधारण एक गिगाओहमचा असतो. इतक्या मोठ्या रोधाशेजारी ओलावा, बोटाचा ठसा, सोल्डरिंगचा उरलेला चिकटा, कशानेही विजेला चोरवाट मिळते. डायफ्रॅमला साठेक व्होल्ट दिलेले असतात, त्यामुळे तो धूळही ओढतो, आणि आपल्या गावात धुळीला तोटा नाही. माइक घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलसोबत रात्रभर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की जेल ओली झाली, कढईत मंद आचेवर परत सुकवा. हेअर ड्रायर नको, फुंकर नको, डायफ्रॅमला कापसाचा बोळाही नको. तो काही मायक्रॉन जाडीचा पडदा आहे. आणि गाताना समोर जाळीचा पॉप फिल्टर हवाच, श्वासाचं पाणी थेट पडद्यावर जातं.

आणखी एक खूण देतो. पॅटर्नचं बटण कार्डिऑइडवर (फक्त समोरून ऐकणं) ठेवून ऐका, मग ऑम्नीवर (चहूबाजूंनी ऐकणं). बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट थांबा, व्होल्टेज बसायला वेळ लागतो, तोवरची खरखर मोजू नका. कार्डिऑइडमध्ये मागच्या पडद्याला व्होल्टेज जवळपास नसतं. तडतड फक्त ऑम्नीमध्ये येत असेल तर दोष मागच्या पडद्याकडे.

टण्ण वाजतं तो मात्र व्हॉल्व्हच. आतल्या जाळीच्या तारा सैल असल्या की धक्क्याने हलतात आणि ते हलणं ऐकू येतं. तिथे १२एवाय७ घातला तर इंदूरच्या भाऊंशी मी सहमत आहे. १२एएक्स७चा वर्धनांक (आवाज किती पट वाढवतो तो आकडा) १००, याचा ४४ च्या आसपास. आवाज कमी येईल, पण खुल्या गळ्याच्या गायकीला तो पुरतो. पूर्ण थंड झाल्यावर सरळ वर ओढून काढा. लवचिक शॉकमाउंट (धक्के शोषणारी माइकची पकड) आधी घ्या, कदाचित तेवढ्यानेच भागेल.

बडोदेकर

काकांनी सगळं सांगितलं, टोचण्याबद्दल मी लिहितो. या किमतीच्या बहुतेक माइकमध्ये नॉयमान कंपनीच्या के६७ कॅप्सूलची नक्कल असते. ती कॅप्सूल मुळातच वरच्या पट्टीत चढी आहे. त्यांच्याच १९६०च्या यू६७ माइकमध्ये ईएफ८६ व्हॉल्व्हच्या सर्किटमध्येच वरची पट्टी खाली आणायची सोय होती. नक्कल करणाऱ्यांनी कॅप्सूल घेतली आणि ती सोय सोडली. म्हणून जवळपास सगळेच असे टोचतात. व्हॉल्व्ह बदलून हे जाणार नाही.

माइक ओठांसमोर ठेवू नका. हात-दीड हात अंतरावर, ओठांच्या थोडा वर, माइकचं तोंड खाली छातीकडे, आणि वीसेक अंश बाजूला वळवून. मागे नुसती चुन्याची भिंत असेल तर थंडीतली रजई टांगा, वाड्याच्या भिंती वरचे स्वर परत फेकतात.

टप्पाप्रेमी

काका, किती आभार मानू! आत्या पांढरी पाचमध्येच गाते. तिला हेडफोन लावून दिला. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “पाचच, पण चढी. खर्जातलीच, त्याखालच्या सप्तकातली नाही.” हार्मोनियमचा सूर धरून मी पडताळलं, तसंच निघालं.

डायनॅमिक माइकवर काही नाही. चार्जर काढल्यावर झर्र गेली, म्हणजे तीही होती, मला दोन्ही मिळून एकच वाटत होतं. गुळगुळीत घरघर मात्र कशानेच हलली नाही. इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडलं, अर्थची तार खरंच नव्हती, ती नवी ओढून घेतली. घरघर तरीही आहे. माइक डब्यात ठेवल्यावर तडतड थांबली, ऑम्नीमध्येही नाही. कोन बदलल्यावर ‘स’ बरेच सौम्य झाले, आत्या म्हणते आता तिचा आवाज तिला ओळखू येतो.

व्हॉल्व्हवाले_काका

मग निदान पक्कं. पेटीतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायचे, व्होल्टेज मूळ आकड्याइतकं किंवा वरचं, १०५ अंश तापमान सोसणारे. व्हॉल्व्ह अँप्लिफायर दुरुस्त करणारा कारागीरच हवा, मोबाइलवाला नको. त्याला सांगा, फिलामेंटचा ६.३ व्होल्टही भाराखाली मोज आणि त्यावर लहर किती आहे ते बघ, कारण तो डीसी करूनच दिलेला असतो आणि घरघर तिकडूनही येऊ शकते. खर्च व्हॉल्व्हपेक्षा कमीच येईल.

पेटी दुरुस्तीला गेली तरी काम थांबवू नका. तो डायनॅमिक माइक जवळ धरून टप्पे घ्यायला लागा. त्याला वरची झळाळी नसेल, पण टप्प्यातली प्रत्येक तान स्वच्छ कळेल. ज्या बंदिशी दुसऱ्या कुणाकडे नाहीत त्या पहिल्या.

टप्पाप्रेमी

खमाजचे दोन टप्पे आणि एक तराणा आहे तसा, तो दुसऱ्या कुणाकडे मी ऐकलेला नाही. सकाळी आत्याचा आवाज लागतो, उद्या तिथूनच सुरू करते. दौलतगंजात अँप्लिफायरचं काम करणारे एक जण आहेत असं कळलंय, पेटी त्यांच्याकडे नेते आणि फिलामेंटचा आकडा इथे लिहिते.