मदत हवी आहे : आजोबांच्या फोटोतली १९६८ ची रॅलीची गाडी नक्की कुठली?

माडाखालचा :
नमस्कार मंडळी. आमचे आजोबा मुंबईला गोदीत होते, देवगडकडचे बरेचसे तेव्हा गोदीत नाहीतर गिरणीत. १९६८ च्या डिसेंबरात लंडन-सिडनी मॅरेथॉन नावाच्या मोटार रॅलीच्या गाड्या तेहरान, काबूल, दिल्ली करत मुंबईला आल्या आणि इथून चुसान नावाच्या बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला नेल्या, तेव्हाचा एक फोटो आजोबांच्या ट्रंकेत मिळालाय. ब्लॅक अँड व्हाइट, पोस्टकार्डाएवढा. धक्क्यावर एक गाडी, बाजूला आजोबा नि अजून तिघं, एकाच्या खांद्यावर दोरखंड, आणि आजोबांनी बॉनेटवर असा हात ठेवलाय की जणू लंडनहून तेच चालवत आले.

आता प्रॉब्लेम. दारावर नंबर आहे पण त्यातला ७ तेवढा दिसतो, आजूबाजूचा पापुद्रा बुरशीने खाल्ला, आमच्याकडच्या पावसात ट्रंक काय आणि फडताळ काय सगळं सारखंच. माझा चुलत भाऊ ठाण्याला असतो, त्याने कुठेतरी वाचलं की जिंकलेली हिलमन हंटर ७५ नंबरची होती, झालं, हीच ती गाडी असं ठरवून मोकळा. चतुर्थीला सगळे घरी येतात तेव्हा फोटो मोठा करून खाली "विजेती गाडी" असं छापून माजघरात लावायचाय त्याला. मला ते पटत नाही पण गाड्यांमधलं फारसं कळत पण नाही. ही हंटर आहे का ते कसं ओळखायचं, आणि कंपनीने उतरवलेली गाडी असेल तर तिचा रॅलीतला इतिहास काय, कोणी सांगेल का?

सड्यावरचो :
मेल्या, फोटो खंय आसा? आधी फोटो टाक, मगे इचार.

गॅरेजवाला :
फोटो येईपर्यंत थोडं सांगतो. हंटर ७५ हे तुमच्या भावाचं बरोबर आहे, अँड्र्यू कोवन, कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉइल तिघे होते, रूट्स कंपनीची अधिकृत एंट्री. पण कोवन मुंबईत पोचला तेव्हा पहिला नव्हता हां. मुंबईत सगळ्यात पुढे होता रॉजर क्लार्क, फोर्डच्या लोटस कॉर्टिनात. पुढे ऑस्ट्रेलियात त्याच्या इंजिनाने दगा दिला तर टीममधल्या दुसऱ्या कॉर्टिनाच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, काढून त्याला बसवलं, नंतर मागचा डिफरन्शिअल, म्हणजे चाकांना जोर पोचवणारा गिअरचा डबा, गेला, शेवटी दहावा आला बिचारा. म्हणजे धक्क्यावर उभी असताना हंटर ही नुसती एक गाडी होती, तिच्याबरोबर मुद्दाम फोटो काढायला गर्दी झाली असेल असं मला तरी वाटत नाही.

हंटर दिसायला अगदी साधी, आपल्या जुन्या फियाटसारखी सरळ डब्यावर डबा. दारावरचा नंबर सोडा, चाकं बघा. आणि नाक कसं आहे ते सांगा.

माडाखालचा :
स्कॅनर तालुक्याला आहे, उद्या जातो. तोपर्यंत भिंग घेऊन बघितलं. नाक लांब आणि उतरतं आहे, आणि मागचं चाक अर्धं दिसतच नाही, पत्र्याच्या आत गेलंय. अजून एक, गाडी खूप खाली बसलेली दिसते, जवळजवळ जमिनीला टेकलीय. दादा म्हणतो सामान ठासून भरलं असणार म्हणून.

गॅरेजवाला :
अहो सामान नाही ते!! ती सिट्रोएन या फ्रेंच कंपनीची डीएस आहे. तिला स्प्रिंगाच नाहीत, तेल आणि गॅसच्या प्रेशरवर उभी राहते, इंजिन बंद करून ठेवली की हळूहळू खाली बसते आणि चालू केली की परत उठते. मागचं चाक पत्र्याने झाकलेलं, हे पण तिचंच. मग तो ७ पहिला कशावरून? शेवटचा पण असू शकतो. लुसिएन बियांकी आणि जाँ-क्लोद ओजिए यांची डीएस २१ ही ८७ नंबरची होती.

आणि ती असेल तर इतिहास विचारूच नका. सिट्रोएनचं नाव रॅलीत आधीपासून होतं, १९५९ ला माँटे कार्लो आयडी १९ ने मारली, १९६६ ला परत डीएस ने, म्हणजे तेव्हा पहिल्या आलेल्या मिनी गाड्या दिव्यांच्या बल्बवरून बाद केल्या आणि डीएस वाला पाउली टोइवोनेन विजेता ठरला, त्यावर आजही लोक भांडतात. बियांकी म्हणजे १९६८ च्याच सप्टेंबरात पेद्रो रॉद्रिगेस बरोबर ल मां ची २४ तासांची शर्यत जिंकलेला. सिडनी मॅरेथॉनमध्ये शेवटच्या दिवशी हीच गाडी पहिली होती. सिडनी दीडेकशे किलोमीटरवर राहिलेलं, नौरा गावाजवळ ओजिए चालवत होता, बियांकी बाजूच्या सीटवर, आणि समोरून आलेल्या एका मिनीवर आपटले. गाडी खलास, बियांकीचा पाय मोडला. मागून आलेला पॅडी हॉपकर्क बीएमसी १८०० गाडीत होता, तो मदतीला थांबला आणि तरी दुसरा आला. कोवनला विजय मिळाला तो असा. कोवनचं श्रेय मी कमी करत नाही, हंटर न मोडता आणली हेच खरं रॅलीचं काम आणि १९७७ ला मर्सिडीज घेऊन लंडन-सिडनी परत जिंकला तो. पण जीव जातो तो त्या डीएसवर.

फक्त लगेच ८७ छापू नका. त्या रॅलीत डीएस २१ एकटी नव्हती, बॉब नेरेची पण होती. ७ च्या डावीकडे जागा जास्त आहे की उजवीकडे, दाराच्या कडेपासून मोजून सांगा.

सड्यावरचो :
म्हंजे आजोबान हात ठेवलो आणि गाडी आपाटली? घरात सांगू नको हां कोणाक.

माडाखालचा :
😂 आजी अजून आहे, तिला सांगितलं तर फोटोच उलटा करून ठेवेल.

पट्टी लावून मोजलं. ७ च्या डावीकडे एका आकड्याएवढी जागा आहे, उजवीकडे लगेच दाराची कड येते. दादाला फोन केला तर म्हणतो फ्रेमवाल्याला ऍडव्हान्स दिलाय, मजकूर बदलायला चतुर्थीच्या आधीचा शनिवार शेवटचा. तर कोणाकडे ८७ नंबरच्या डीएसचा बाजूने काढलेला फोटो असेल, दिल्ली किंवा मुंबईचा असला तर सोन्याहून पिवळं, तर प्लीज टाका. दारावरचे आकडे कुठे आणि केवढे होते तेवढंच ताडून बघायचंय. माझा स्कॅन उद्या दुपारपर्यंत चढवतो, लाइट असली तर.