सीलबंद १९९३ ग्रीन्सबरो हॉर्नेट्स टीम सेट: फोडावा की तसाच ठेवावा?

शॉर्टस्टॉपची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, ग्रीन्सबरोजवळ राहतो. गेल्या शनिवारी शेजारच्या यार्ड सेलमध्ये बुटांच्या खोक्यात बेसबॉल कार्डांची सात-आठ पाकिटं मिळाली, सगळी मिळून बारा डॉलरला. त्यातलं एक म्हणजे १९९३ च्या ग्रीन्सबरो हॉर्नेट्सचा टीम सेट, म्हणजे त्या मायनर लीगच्या (मेजर लीगच्या खालच्या पातळीच्या) टीममधल्या खेळाडूंची कार्डं, प्लॅस्टिकचं वेष्टन अजून शाबूत. माझा अकरा वर्षांचा लेक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) खेळतो. त्याने घरी येता येता गाडीतच शोधून काढलं की पुढे न्यूयॉर्क यांकीजचा नामांकित शॉर्टस्टॉप झालेला डेरेक जीटर त्या वर्षी याच टीममध्ये होता. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. लेक म्हणतो आत्ताच्या आत्ता फोडू या, नवरा म्हणतो हात लावू नका, सीलबंद मालाला किंमत असते. मला यातलं ओ की ठो कळत नाही. आत जीटर असेलच का? हे त्याचं रूकी कार्ड म्हणायचं का? आणि फोडायचं की नाही?

रॉचेस्टरकर

ताई, लेकाला शाबासकी द्या, त्याने बरोबर शोधलंय. यांकीजनी जीटरला १९९२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सहाव्या क्रमांकावर घेतलं आणि १९९३ चा अख्खा हंगाम तो तुमच्या गावात खेळला. त्या वर्षी हॉर्नेट्सचे दोन वेगवेगळ्या छापांचे सेट निघाले, एक फ्लीअर प्रोकार्ड्सचा आणि एक क्लासिक बेस्टचा. दोन्हींत तो आहे. तुमचा कुठला, ते वरच्या कार्डावरच्या नावावरून कळेल.

रूकी कार्ड मात्र नाही. कार्डवाल्यांच्या हिशेबात रूकी कार्ड म्हणजे देशभर विकल्या गेलेल्या मोठ्या सेटमधलं. टीम सेट विकले जायचे स्टेडियममधल्या दुकानात, नाहीतर मोजक्या डीलरांकडे, म्हणून त्यांना प्री-रूकी म्हणतात. जीटरचं गाजलेलं रूकी कार्ड १९९३ चंच, एसपी नावाच्या सेटमधलं, चकचकीत फॉइलचं. त्याच्या कडा इतक्या नाजूक की धड कडांचं कार्ड मिळणं मुश्किल. त्याचे भाव आपल्या आवाक्यातले नाहीत. पण मला विचाराल तर खरं कार्ड तुमच्याकडचं. एसपीवर तो यांकीजच्या कपड्यांत आहे, आणि त्या उन्हाळ्यात तो घालत होता हॉर्नेट्सचा शर्ट.

आता फोडण्याचं. मी फोडेन. सीलबंद म्हणजे कोरं, हा गैरसमज आहे. वेष्टन घट्ट असेल तर ते वर्षानुवर्षं कोपरे दाबत राहतं, आणि सगळ्यात वरचं व सगळ्यात खालचं कार्ड घासलं जातं. शिवाय दमट हवेत चकचकीत कार्डं एकमेकांना चिकटतात. तुमच्याकडचे उन्हाळे तसे दमटच. मी एकदा अशी दोन चिकटलेली कार्डं घाईने ओढली. एकाच्या चेहऱ्याचा पापुद्रा दुसऱ्याच्या पाठीवर गेला. तो आवाज अजून कानात आहे. तेव्हा कात्री लावू नका, मागची शिवण नखाने उचला. गठ्ठा चिकटलेला वाटला तर कडांनी धरून अगदी किंचित इकडे-तिकडे वाकवा, बारीक टकटक होत कार्डं सुटतात. नाही सुटली तर राहू द्या. जीटर सापडला की आधी मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या आवरणात. रबरबँड कुठल्याही कार्डाला लावू नका.

बाकीची कार्डं मात्र त्याच्यापासून तोडू नका. लोक जीटर काढून घेतात आणि उरलेला सेट डॉलर-दोन डॉलरला फुंकतात, मला ते बघवत नाही. माझ्याकडे १९८१ चे टीसीएमए कंपनीचे मायनर लीगचे दोन सेट आहेत, रॉचेस्टर रेड विंग्ज आणि पॉटकेट रेड सॉक्स. रॉचेस्टरमध्ये कॅल रिपकिन, पॉटकेटमध्ये वेड बॉग्ज, दोघेही पुढे मेजर लीगमध्ये गाजलेले. या दोन टीमनी त्या वर्षी ३३ इनिंग्जचा सामना खेळला (एरवी सामना नऊ इनिंग्जचा). १८ एप्रिलला सुरू झाला, पहाटे चार वाजून सात मिनिटांनी ३२ इनिंग्जनंतर थांबवला, तेव्हा स्टेडियममध्ये एकोणीस प्रेक्षक उरले होते. २३ जूनला पुढे सुरू केला तर अठरा मिनिटांत संपला. बॉग्जने २१ व्या इनिंगला बरोबरी साधणारा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला. रिपकिनला तेरा वेळा बॅट हातात घेऊन दोनच हिट मिळाले. आणि जिंकून देणारा फटका मारला डेव्ह कोझाने, जो मेजर लीगमध्ये एकदाही खेळला नाही. मी हे दोन्ही सेट एका बाइंडरमध्ये समोरासमोरच्या पानांवर लावलेत. नुसते रिपकिन आणि बॉग्ज काढून ठेवले असते तर ती रात्र माझ्याकडे नसती.

तुमच्या लेकासाठी एक खास. या कार्डांच्या पाठीवर बहुतेक वेळा आदल्या वर्षीचे आकडे असतात. जीटरचं १९९२ वाईट गेलं होतं, गल्फ कोस्ट लीगमध्ये बॅटिंगची सरासरी .२०२, म्हणजे हजारात २०२ हिट. आणि १९९३ मध्ये ग्रीन्सबरोत त्याने शॉर्टस्टॉपला ५६ एरर, म्हणजे फील्डिंगच्या चुका, केल्या. छप्पन! त्याच वर्षी बॅटने मात्र .२९५. पुढे २०२० मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी ३९७ पैकी ३९६ मतं.

पीओरियाचा_काका

रॉचेस्टरकरांशी शंभर टक्के सहमत, सेट तोडू नका. माझी चूक सांगतो. २००० साली आम्ही इलिनॉयमध्ये पीओरियाला होतो. तिथल्या मायनर लीगच्या टीमचा, चीफ्सचा, सामना बघायला गेलो की पोरांना टीम सेट घेऊन द्यायचो. त्या वर्षी थर्ड बेसवर एक धिप्पाड पोरगा होता, ड्राफ्टमध्ये तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर घेतलेला. फटका असा बसायचा की बायको विणकाम सोडून मान वर करायची. अल्बर्ट पुहोल्स. पुढच्या वर्षी तो थेट मेजर लीगमध्ये, सेंट लुईसकडून, रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू), आणि आम्ही घर बदलताना पोरांचा तो खोका कुणाला तरी देऊन बसलो होतो. पैशाचं राहू द्या, त्या संध्याकाळी आम्ही तिथे होतो याची तेवढीच खूण होती.

जुनी_कार्डं

नवऱ्याची बाजूही थोडी मांडतो. प्री-रूकीला किंमत नसते असं नाही. १९१४ चं बाल्टिमोर न्यूजचं बेब रूथ कार्ड मायनर लीगचंच, तेव्हाचे ओरिओल्स मायनर लीगमध्ये होते. २०२३ च्या डिसेंबरात ते ७२ लाख डॉलरला गेलं. पण ती कार्डं जेमतेम दहा उरलीत. नव्वदच्या दशकातले सेट भरपूर छापले गेले आणि लोकांनी जपूनही ठेवले. तेव्हा किंमत ठरणार ती कोपऱ्यांवर, आणि कोपरे बघायला ते फोडावंच लागेल. एक करा, भिंगातून काळी अक्षरं तपासा. अस्सल छपाईत ती सलग काळी दिसतात, नक्कल असेल तर बारीक रंगीत ठिपके दिसतात.

शॉर्टस्टॉपची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर फोडला. लेकाने आधी हात साबणाने धुतले, पुसले, परत धुतले. नवऱ्याने दिवा धरला. दोन कार्डं चिकटली होती, ती तशीच ठेवलीत. जीटर मधोमध निघाला. एक कोपरा किंचित मऊ झालाय, पण अक्षरं भिंगातून सलग काळी! लेकाने कार्ड आधी उलटंच केलं आणि .२०२ मोठ्याने वाचलं. मागच्या आठवड्यात सामन्यात त्याच्याकडून दोन एरर झाल्या होत्या आणि गाडीत तो एक शब्द बोलला नव्हता. काल झोपताना बाबाला म्हणाला, उद्या ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) टाकशील ना?

आज सकाळपासून तो उरलेल्यांचं एकेक नाव शोधत बसलाय, कोण कुठवर पोचला ते वहीत लिहितोय. आता त्याला १९९२ चा हॉर्नेट्स सेट हवाय. त्यात यांकीजचे पोसाडा आणि पेटिट असतील का?

रॉचेस्टरकर

दोघंही त्या वर्षी ग्रीन्सबरोतच खेळले. जीटर मात्र हंगाम संपता संपता अकरा सामन्यांपुरता आला होता, त्याला त्यात धरू नका. वहीतली नावं इथे टाका ताई, मीही शोधतो.