मिठाईतलं मीट आणि हरणाआधीचं डिअर

'स्वीटमीट म्हणजे मिठाई, मग त्यात मीट कुठून आलं?' असा प्रश्न कुणालाही पडेल. अहो, मांस हा अर्थ नंतरचा. जुन्या इंग्रजीत 'मेटे' म्हणजे नुसतं अन्न, खायचा कुठलाही पदार्थ. १६११ च्या किंग जेम्स बायबलात, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, देव माणसाला झाडंझुडपं आणि फळं देतो आणि हे तुमचं 'मीट' म्हणतो. शुद्ध शाकाहारी मीट!

मला स्वतःला जास्त मजा वाटते ती 'डिअर'ची. जुन्या इंग्रजीतला 'देओर' म्हणजे कुठलंही जनावर. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'टीअर' आजही त्याच अर्थाने चालतो. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकात एडगर हे पात्र उंदीर-घुशींच्या रांगेत 'स्मॉल डिअर' म्हणतो, तिथे हरणं शोधत बसू नये.

आता आपला 'मृग' बघा. संस्कृतात तोही आधी कुठलाही रानटी पशू. म्हणून तर सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार ती मृगया. पुढे इकडेही आणि तिकडेही शब्द आक्रसत गेला आणि हरणापाशी येऊन थांबला. (दोन्ही शब्दांचं मूळ मात्र एक नाही, उगाच सोयरीक जुळवू नका.)